सतरावा माणूस

मोबाइलची रेंज आमच्याकडे घाटाच्या पहिल्या वळणालाच मरते. म्हणून दरडी कोसळल्या त्या पावसानंतर परवानगी काढून आम्ही डोंगरावर हॅम रेडिओचा रिपीटर बसवला. एक डबा, एक खांब. हातातल्या सेटवरचं बोलणं तो झेलतो आणि डोंगरापलीकडे फेकतो.

सेटवर बोलायला सरकारी परीक्षा लागते. मी सातवीत शाळा सोडलेला. बायकोने पाठ करून घेतलं. ती पहिल्या फटक्यात पास, मी दुसऱ्या.

दरडींच्या वाटा तपासायला गावच्या पथकातले आम्ही सतरा जण रानात जायचो. मी शेवटी चालायचो, ती घरी पडवीत, बेसवर, म्हणजे खालचा सेट सांभाळत. दर टप्प्याला माणसं मोजून तिला आकडा कळवायचा. सगळे खाली येईपर्यंत ती जेवायची नाही, ताट झाकून ठेवायची. मी बटण दाबल्या दाबल्या बोलायचो, पहिला शब्द तुटायचा. मग सगळ्यांच्या सेटवर तिचा आवाज, "दाबा, दम खा, मंग बोला! किती वेळा सांगू? ओव्हर."

"अगो, घरातलं घरात ठेव की. ओव्हर."

पोरं खिदळायची.

शिमग्याआधी ती गेली. आठ दिवसांचा ताप, संपलं. सेट मी कपाटात टाकले. पावसाळा सरल्यावर आमचा म्होरक्या आला, महाडला ट्रक चालवतो तो. दोन्ही सेट त्याच्यापुढे ठेवले.

"घेऊन जा. माझ्याच्यानं आता व्हायचा नाय."

"काका, रविवारी निघतोय. बेसला कोण नाय. काकींच्या जागेवर एक दिवस बसा, मग नेतो."

बसलो. तिच्या खुर्चीत नाही, शेजारी. सुनेने आणलेलं ताट झाकून ठेवलं. दुपारी माथ्यावरून आवाज आला, "बेस, सोळा पोचले. ओव्हर."

दाबलं, दम खाल्ला. "एक कमी हाय. शोधा. ओव्हर."

त्यांनी पुन्हा मोजलं. सोळाच. मी ओरडलो, "माणूस हरवलाय नि मोजताय काय? मागं फिरा! ओव्हर."

म्होरक्या हळू म्हणाला, "काका, सतरावे तुम्ही. तुम्ही खाली हाय. ओव्हर."

मी बटण दाबलं. दम खाल्ला. मग म्हणालो, "सोळा बरोबर. ओव्हर."

संध्याकाळी सोळाच्या सोळा उतरले. तेव्हा ताट उघडलं. भाकरी कडक झाली होती, तशीच खाल्ली. म्होरक्या सेट न्यायला आला. माझा त्याला दिला. तिचा पडवीत चार्जिंगला लावला.