विलास तपासनीस

सव्वा महिन्यापूर्वी विलासच्या बायकोचा, वहिनींचा, पुण्याहून फोन आला, "भाऊजी, हे गेले…" आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? आता त्याच्या कामाबद्दल उरलेलं विचारायचं राहूनच गेलं! लाज वाटली, पण खरं तेच आहे. विलास माझा नांदूरघाटचा वर्गमित्र. रसायनशास्त्र शिकून तो परदेशी गेला आणि विषारी वायूची अस्त्रं हुडकून नष्ट करवून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय पथकात तपासनीस झाला. गावाला वाटायचं, हा बॉम्ब फोडतो. माझ्या डोक्यात मात्र वर्षानुवर्षं एकच भुंगा… हा तिथं नेमकं बघतो काय? सुटीवर आला की मी खोदून खोदून विचारायचो आणि तो हसून विषय भुईमुगाच्या शेंगांवर न्यायचा. तोंड उघडायची त्यांना बंदीच असते म्हणे.

माझं खता-औषधांचं दुकान. तो आला की खुर्चीवर न बसता थेट मांडणीपाशी जायचा, एकेका बाटलीचं सील निरखायचा. लहान शेतकऱ्याला अख्खी बाटली लागत नाही, म्हणून मी कीटकनाशक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुटं द्यायचो. त्यात वावगं काही वाटायचं नाही. त्यावरून एकदा तो भडकला होता. "नाव न्हाई, चिठ्ठी न्हाई. असल्याच बाटल्या हुडकत आमी जगभर हिंडतो बे," म्हणाला. मी ते थट्टेवारी नेलं.

चार वर्षांपूर्वी कपाशी फवारताना माझा धाकटा भाऊ भागवत रानातच कोसळला. तशीच सुटी बाटली मीच त्याला दिली होती. दवाखान्यात ऊन लागलं समजून सलाईन लावलं. तेव्हा गावातच असलेला विलास धावत आला, त्यानं भागवतच्या पापण्या उचलून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या, विषबाधेची खूण. औषधाचं नाव विचारलं, तर मलाच आठवेना. पण त्याचं नावावाचून अडलं नाही. कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं, डॉक्टरांना उतारा सुचवला. संध्याकाळी भागवतनं पाणी मागितलं, तसा विलास बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडला.

"तुला विचारायचं हुतं ना, काय बघतो म्हणून? हेच. त्या वायूनं झालेले असेच डोळे, लेकरांचे बी… पर निस्ते फोटोत. समदं झाल्यावर पोचतो आमी, पुरावा गोळा करायला. आज पैल्यांदा वेळेवर पोचलो."

आपल्या कामाबद्दल तो बोलला तो एवढंच. सुटं विकणं मी त्या दिवशी बंद केलं. पुढं दर हंगामात विलास असेल त्या देशातून भागवतला व्हिडिओ कॉल करायचा, हातमोजे दाखवायला लावायचा आणि फवारणी झाली की डोळे कॅमेऱ्याजवळ आणायला सांगायचा. आम्ही हसायचो, पण भागवतनं एकदाही टाळलं नाही.

परवा फवारणी सुरू झाली. भागवत रानातून येऊन, आंघोळ करून दुकानात आला. सवयीनं मोबाइल समोर ठेवून बसला. मग उठून माझ्यापुढं उभा राहिला.

"दादा, आता तूच बघ."

मी चष्मा पुसला आणि त्याचे डोळे पाहिले.