आमदार साहेबांचं आगमन

काल एका लग्नात निवेदक माईकवर म्हणाला, "आमदार साहेबांचं आगमन होत आहे," आणि मी पुढच्या सोफ्यावरून हात जोडून उठलो. माणसं माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मागून नवे आमदार येत होते.

मुलीचे वडील घाईने म्हणाले, "बसा हो साहेब, तुम्ही तर घरचेच!"

संताप आला, पण काढणार कुणावर? भाजीच्या गाळ्यापासून विधानसभेपर्यंत मी घासाघीस करत पोचलो. मंत्र्यांशी भांडून गावाला पाणी आणलं. पक्षाने तिकीट कापलं, तेव्हा मात्र माझ्याशी घासाघीस करायलाही कुणी बसलं नाही. तेच अजून सलतं.

नव्या आमदारांसाठी मंगलाष्टकं थांबवून ठेवली होती. पूर्वी माझ्यासाठीही मुहूर्त टळेपर्यंत थांबवायचे. मला वाटायचं, लोक माझी वाट बघतात. ते आमदाराची वाट बघत होते. तेव्हा तो मी होतो, एवढंच.

मंगलाष्टकं संपली. घामाने भिजलेल्या अक्षता तळहाताला चिकटून राहिल्या. पुढच्या लग्नात निवेदक पुन्हा तेच म्हणेल. आणि मला ठाऊक आहे, मी पुन्हा उठेन.