डावीकडची सीट

रोज एकाच गाडीतून जाणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. बाकीचे लोक ते डिकीत टाकून विसरत असतील. आमच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यामुळे आम्हाला सगळं मांडीवर घेऊनच बसावं लागतं.

*

सुरुवात आमच्या ह्यांनी केली. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीतून रोज सकाळी एकाच वेळी चार गाड्या निघायच्या आणि एकाच दिशेला जायच्या. एकदा हे खोकत खोकत मेश्रामजींच्या मोटरसायकलसमोर उभे राहिले. "उद्यापासून माझ्या गाडीत बसा."

"काहून? माझी फटफटी बुढी झाली काय जी?"

"नाही. तिला व्हीआरएस देऊन राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून हे चालवायला, मी त्यांच्या डावीकडे. मागे रेल्वेतले मेश्रामजी, माझ्या शाळेतल्या वंदनाताई आणि कॉलेजात शिकवणारी नेहा. नेहाला मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. खर्च सगळ्यांत वाटून.

*

गॅसची टाकी बसवली त्या उन्हाळ्यात मेश्रामजींनी भलंमोठं टरबूज घेतलं. डिकीत जागा नाही, म्हणून घरापर्यंत मांडीवर.

"नातीलाही एवढा वेळ घेतलं नाही जी कधी."

"मग टाकी काढू?" ह्यांनी विचारलं.

"राहू द्या. टरबूज छोटं घेईन."

*

रेल्वे फाटक बंद असलं की इंजिन बंद, हा ह्यांचा नियम. एकदा मागच्या मोठ्या गाडीतला माणूस उतरून आला. "भाईसाहब, बंद हो गई क्या? धक्का दूँ?"

मेश्रामजींनी मान बाहेर काढली. "बंद हुई नहीं भैया, की है. आप भी करके देखो, कितनी शांति है."

त्याने केली. फाटक उघडल्यावर त्याचीच सुरू होईना. धक्का आम्ही दिला.

*

हे गेले. गाडी अंगणात उभी राहिली आणि गल्लीत पुन्हा बाकीची तीन इंजिनं घरघरू लागली. मी सकाळी खिडकी लावून घ्यायची.

लायसन्स माझ्याकडे होतं, सवय नव्हती. एका सोमवारी मी मेश्रामजींच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. तिघंही येऊन मागेच बसले. मी ह्यांच्या जागेवर आले होते, माझी जागा रिकामी होती. "पुढे बसा" असं मीही म्हटलं नाही.

*

बरेच दिवस मी तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नव्हते. छावणीतल्या सरळ रस्त्यावर नेहा म्हणाली, "आंटी, चौथा डालो ना. गाड़ी माँग रही है."

टाकला. इंजिनाचा आवाज एकदम निवला. खिडकीतून वारा आला.

"अच्छा! हे काहून लपवून ठेवलं होतं?" मेश्रामजी म्हणाले.

संध्याकाळी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणलं. मेश्रामजींच्या लक्षात आलंच. "साहेब असते तर विचारलं असतं, हा जास्तीचा धूर कोणाच्या नावावर?"

"माझ्या," मी म्हटलं.

*

धाकटे दीर विलासभाऊजी नागपूरहून आले की एकच धोशा लावत. "वहिनी, विकून टाका. जुनी गाडी, धूर ओकते. तुम्हाला काय करायची?"

मी त्यांनाच बसवून पीयूसी करायला नेली. तपासणाऱ्याने आकडा दोनदा पाहिला. "इससे ज़्यादा धुआँ तो सामने वाली चाय की दुकान छोड़ती है, मैडम."

पण भाऊजींनी गिऱ्हाईक आधीच ठरवलं होतं.

*

ते गिऱ्हाईक म्हणजे गुप्ताजी. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, कापडाचं दुकान बाजारात, बड़ा फुहाऱ्यावर. ट्रायलला आले ते नेमके आमच्या निघायच्या वेळी. तिघंही नेहमीसारखे येऊन मागे बसले.

"ये लोग?" गुप्ताजींनी भाऊजींना विचारलं.

"हम गाड़ी के साथ आते हैं, अंकल," नेहा म्हणाली.

भाऊजींनी तिघांना उतरायला सांगितलं. मेश्रामजी हलले नाहीत. "ड्यूटीची वेळ झाली, भाऊ. ट्रायल रस्त्यातच होऊन जाईल."

गुप्ताजींनी पुढचं दार उघडलं आणि डावीकडे बसले. मी गाडी काढली.

फाटकावर इंजिन बंद केलं. गुप्ताजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या तिघांकडे. मालगाडी गेल्यावर सुरू केलं. छावणीच्या रस्त्यावर चौथा टाकला. बड़ा फुहाऱ्यावर ते उतरले.

संध्याकाळी भाऊजी फोन ठेवून आले. "वहिनी, गुप्ताजी नाही म्हणतात. काय केलंत तुम्ही?"

"दुकानावर सोडलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गुप्ताजी उभे होते. हातात जेवणाचा डबा.

मी गाडी थांबवली आणि वाकून डावीकडचं दार उघडलं.