करंगळीवर निघालेला हप्ता

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात पुण्यातलं माझं ऑफिस बंद झालं आणि मी महाळुंगे पडवळला घरी आलो. त्याच दिवसांत शेतकऱ्यांच्या खात्यावर सरकारी हप्ता जमा झाला. सातबारा आईच्या नावावर, म्हणून पैसेही तिच्याच खात्यावर आले. मेसेज मात्र माझ्या मोबाइलवर. मी वाचून दाखवला तेव्हा ती टोमॅटोचं क्रेट उतरवत होती.

"मग खालच्या वाफ्यांत कोथिंबीर टाकायची," ती म्हणाली.

कालव्याला परवा पाणी सुटणार होतं. त्याआधी बियाणं पडलं नाही, तर ते वाफे पुढच्या आवर्तनापर्यंत कोरडेच राहणार होते. मी म्हणालो, "बियाण्याचे पैसे मी देतो, तुझे नंतर काढू."

"तुझ्या पगाराचा काय भरवसा आता? ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. ह्यो रानाचा पैसा हाय, रानातच जाऊ दे."

माझं शिक्षण त्याच रानावर झालेलं. मी मोबाइल खिशात टाकला आणि क्रेटला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन अंगठ्याचं मशीन घेऊन गावात खात्यातले पैसे द्यायला येणार होता. टोमॅटोच्या तोड्याने आईची बोटं हिरवट काळी झाली होती. हंगामात आमच्याकडे सगळ्यांचीच होतात, साबणाने निघत नाहीत. सरकारी कामाला असे हात कसे न्यायचे, म्हणून सकाळी तिने टाचा घासायची वजरी घेऊन बोटं खसाखसा घासली. मलाही ते योग्यच वाटलं.

शाळेच्या ओट्यावर रांग होती. आईने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"मावशी, काय केलंत? पार गुळगुळीत झालाय," पोस्टमन म्हणाला.

"घासला. काळा व्हता ना."

मागे माझी चुलती उभी होती. "अगं, मशीनला काय पोरगी दाखवाया आणलीया व्हय?"

पदराआड, मास्कआड सगळे हसले. पोस्टमनही हसला. "काळा चालला असता, मावशी. केसांतनं फिरवा जरा, तेल लागू द्या." आईने फिरवला. नाही. मग एकेक करत बोटं ठेवून पाहिली, प्रत्येकाला लाल. आईचं हसू मावळलं.

"चार दिवसांनी या. कातडी आली की घेईल."

"उद्या पाणी हाय, भाऊ," आई हळूच म्हणाली.

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "डाव्या हाताची करंगळी राहिली बघा."

टोमॅटो तोडताना ती करंगळी लागत नाही. डाग नाही, म्हणून वजरीही लागली नव्हती. आईने ती ठेवली आणि हिरवा दिवा लागला.

"कामाला बाकीची, आन् पैसं काढायला ही!" चुलती म्हणाली.

"तुझ्यावरच गेलीया," आईने नोटा पदरात बांधत म्हटलं. आता हसण्यात तीही होती.

तिथूनच आम्ही बियाण्याच्या दुकानात गेलो. संध्याकाळी अंगणात तिने धने चपलेने रगडून फोडले आणि उजेड असेपर्यंत वाफ्यांत टाकले. सकाळी कालव्याचं पाणी बांधापर्यंत आलं, तेव्हा ती खोरं घेऊन उभीच होती.

"वाफ्याचं वरचं दार तू फोड," ती म्हणाली, "पर दमानं. बी वाहून जाईल."