तळाची शितं

आज लेकीला ताप म्हणून पेज केली, आणि पेजेच्या वासासरशी मुळशीच्या तलावाकडे सायकलनं जातानाचा रस्ता आठवला. तेव्हा कॉलेजात होते. भर उन्हात पायात गोळे आले आणि मी एका झोपडीच्या सावलीत बसकण मारली.

आतली मावशी बाहेर आली. "आदी पेज पी. तळं कुटं पळून जातंय व्हय?"

तिनं पळी पार तळाला घालून माझा वाडगा शितांनी भरला. तिच्या वाट्याला नुसतं पाणी आलं.

"मला पातळच आवडती," ती म्हणाली. मला ते खरंच वाटलं.

आज तळाची शितं लेकीला वाढली. तिनं विचारलं, "आणि तुला?"

मावशीला मनोमन हात जोडले आणि म्हणाले, "मला पातळच आवडते."