अमावास्येचा ट्यून-अप

मी हत्यारांची पेटी बाहेर काढली की बायको मलमपट्टीचा डबा काढून ठेवते. मला याचा राग येत नाही. एवढ्या वर्षांचा अनुभव आहे तिचा.

मुलीला इथंच दुबईत, जबल अलीला, एका वेअरहाउसच्या ऑफिसात पहिली नोकरी लागली. लायसन्स नुकतंच हातात आलेलं. मी जाहीर करून टाकलं की माझी जुनी गाडी आता तिची. पाचवीपासून शाळा, क्लास, कॉलेज, सगळीकडे मी तिला याच गाडीतून सोडलं होतं. पहिल्या दिवशी कामावरही तिनं हीच गाडी चालवत जावं, एवढीच माझी हौस.

"नो ऑफेन्स, बाबा," ती म्हणाली, "दॅट कार हॅज ट्रस्ट इश्यूज."

शेवटी तह झाला. सोमवारी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली तर तिची. नाही झाली तर ती मेट्रोनं जाणार आणि पुढे लोन काढून नवी घेणार, मी एक अक्षर बोलायचं नाही.

म्हणून रविवारी मी करामातल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये बॉनेट उघडलं. गॅरेजवाले नुसती बिलं लावतात, असं मी कायम म्हणतो. गॅरेजवाले माझ्याबद्दल काय म्हणत असतील ते नको. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजिनात हवा शिरते तो थ्रॉटलचा गळाही स्प्रे मारून लख्ख केला. ऑगस्टमधलं बेसमेंट म्हणजे झाकण लावलेला कुकर. कुठल्या तरी पाइपातून सांडपाणी ठिबकत होतं. माझ्या नाकावरचा घाम टपटप इंजिनावर. स्वतःचीच शिसारी यावी अशी अवस्था.

सगळं जोडून झालं, किल्ली फिरवायची तेवढी राहिली, तेव्हा आठवलं की आज अमावास्या. मी एरवी असलं काही मानत नाही, पण कंबर दुखायला लागली की मानतो. उद्या सकाळी नारळ वाढवूनच चालू करू, असं ठरवलं आणि वर जाऊन झोपलो.

सोमवारी साडेसहाला मुलगी कडक इस्त्रीत, गळ्यात ऑफिसचं कार्ड. मी नारळ घेऊन खाली, तर वॉचमन धावत आला. "साहब, इधर नारियल नहीं. कॅमेरा है." नारळ डॅशबोर्डवर ठेवला आणि सेल्फ मारला.

इंजिन घरघर फिरलं, पेटेना. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

वरच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे भाई शारजात स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. ते कामाला निघालेले, थांबले. "दादा, हवा खातेय ना ती?"

"नवा फिल्टर टाकलाय, भाई. हवाच हवा."

"मग होईल इन्शाल्ला," म्हणून ते हाताची घडी घालून उभे राहिले. आपली फजिती पाहायला उभ्या राहणाऱ्या माणसाइतकं किळसवाणं दुसरं काही नाही. मीही दुसऱ्यांच्या वेळी तसाच उभा राहतो, ते सोडा.

बॅटरीचे स्क्रू आवळले. फ्यूज पाहिले. प्लग काढले तर ओलेचिंब, वास डोक्यात जाणारा. पुसून परत लावले. घरघर, खोकला, शांतता.

"खलास, बाबा. आय हॅव टू गो." माझा काळा हात चुकवून तिनं खांद्यावर दोन बोटं ठेवली. "इट्स ओके." आणि उशीर झाला म्हणून मेट्रोऐवजी टॅक्सीनं गेली. त्या 'ओके'पेक्षा तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बायको खाली आली, अंगाला उदबत्तीचा वास. "देव पुसायचं फडकं कुठाय? आंघोळ घालून बसवलेत केव्हाचे. ओले आहेत सगळे."

माझी नजर थ्रॉटलच्या पाइपाकडे गेली.

घरातलं सगळ्यात मऊ, सूत न सुटणारं कापड म्हणून मी ते रविवारी गुपचूप खाली आणलं होतं. थ्रॉटल साफ केल्यावर आत धूळ जाऊ नये म्हणून त्याच गळ्यात कोंबलं. आणि वरून पाइप बसवून क्लॅम्प आवळला.

पाइप काढला. फडकं ओढलं तर काळपट, बुळबुळीत, मेलेल्या उंदरासारखं लोंबत बाहेर आलं.

"शी! शी शी!" बायको मागे सरली. "आईंच्या लुगड्याचं होतं ते!"

"मी म्हटलं होतं, हवा," भाई शांतपणे म्हणाले. "यल्ला, चला, आता दाबून मारा सेल्फ."

भपकन धूर सोडून गाडी चालू झाली. काल एकदा किल्ली फिरवली असती तर काल कळलं असतं. अमावास्येनं काही केलं नाही. बिचारीवर मी कशाला ढकलू?

पाच वाजता बायकोला घेऊन जबल अलीला गेलो. मुलगी बाहेर आली, गाडी बघून थबकली, नाक मुरडलं. "व्हॉट वॉज इट?"

"सेन्सर," मी म्हणालो.

"फडकं होतं," मागच्या सीटवरून आवाज आला. "देवांचं."

मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गाडी बंद करायला लावून मला उठवलं आणि स्वतः बसली. "इट्स स्टिल मंडे."

एका सेल्फमध्ये चालू झाली.

"पण नेक्स्ट सर्व्हिस गॅराजमध्ये. डील?" एवढं मात्र तिनं मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून. मी नारळ मांडीवर घेऊन बाजूला बसलो. तीनदा साबण लावूनही हातांना पेट्रोलचा वास येत होता.