ऑरिनकाका डिटमर, जन्म मेरिटचा

आमच्या गावात एखाद्याला संपवायचं असेल तर त्याची निंदा करत नाहीत. "माणूस चांगला आहे हो," असं म्हणतात, कॉफीचा एक घोट घेतात आणि मग हळूच जोडतात, "पण मूळचा इथला नाही."

ऑरिनकाका डिटमर इथे आले तेव्हा चार दिवसांचे होते. त्याला आता अठ्ठ्याहत्तर वर्षं होत आली.

झालं असं की १९४६ च्या ऑगस्टात त्यांची आई काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन मेरिटच्या जत्रेतल्या स्पर्धेला गेली. दिवस भरायला अजून अकरा दिवस होते. परीक्षकांनी बरणीचं झाकण उघडलं आणि इकडे हिला कळा सुरू झाल्या. ऑरिनकाका जत्रेच्या मैदानात, नर्सबाईच्या तंबूत जन्मले. लोणच्याला दुसरं बक्षीस मिळालं. गावाने त्या माउलीचे दोन्ही अपराध लक्षात ठेवले. एक म्हणजे मूल मेरिटला जन्माला घातलं, आणि दुसरा, त्याहून मोठा, म्हणजे मेरिटच्या बाईला पहिलं बक्षीस घेऊ दिलं.

मेरिट आमच्यापासून नऊ मैलांवर. मधे मका, मका आणि मका. १८८७ साली जिल्ह्याची कचेरी आमच्याकडून मेरिटला गेली, तेव्हापासून आम्ही कॉर्विन फॉल्सवाले त्यांना पाण्यात पाहतो. पाणीही आमचं फार मिरवण्यासारखं आहे असं नाही. धबधबा आमच्या नावात आहे, नदीत नाही. गावाचे संस्थापक इझेकिएल कॉर्विन यांनी पूर्वेकडच्या धनिकांना पत्र लिहिलं होतं की इथे असा धबधबा आहे की त्यावर दहा गिरण्या चालतील. पुलाखाली नदी अकरा इंच खाली उतरते, तोच तो. तिसरीत असताना आमची सहल तो बघायला जायची आणि धबधबा नेमका कुठे आहे हे दाखवायला बर्नीसबाई हातात लांब काठी न्यायच्या.

या बर्नीस क्लॉसनबाई गावच्या. म्हणजे अस्सल गावच्या. वय एक्याऐंशी, जन्म मुख्य रस्त्यावर फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर, जिथे डॉक्टर पूल यांचं दोन खाटांचं बाळंतपणाचा दवाखाना होता. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले आणि स्थापनादिनाच्या समितीच्या त्या तीस वर्षं अध्यक्ष आहेत.

जुलैतला स्थापनादिन म्हणजे आमची दिवाळी म्हणा ना. सकाळी अग्निशमन दलाच्या गॅरेजात पॅनकेक, दुपारी मिरवणूक, संध्याकाळी त्याच पॅनकेकांवरून वाद. मिरवणुकीच्या पुढे उघड्या टपाची लाल गाडी आणि तिच्या मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसलेला त्या वर्षीचा मानकरी. मानकरी कोण असावा याचा नियम १९५७ सालचा, गावाच्या शताब्दीच्या वेळचा. गावाच्या हद्दीत जन्मलेला, गाव कधी न सोडलेला, आणि मान एकदाच. एखादा मेरिटवाला चुकून त्या सीटवर चढू नये म्हणून हा बंदोबस्त.

ती लाल गाडी ऑरिनकाकांची. सव्वीस वर्षं त्यांनी ती मिरवणुकीत चालवली. पुढच्या सीटवरून.

तसे काका गावाचं काय करत नव्हते ते विचारा. चौतीस वर्षं घरोघरच्या पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे कोणाच्या अंगणातला कुत्रा चावतो आणि कोणाच्या घरातली बाई, हे त्यांना पाठ. अग्निशमन दलात फुकट, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत खुर्च्या लावायला फुकट, समितीचे चिटणीस, तेही फुकट. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. आणि त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा मागच्या सीटवर बसायचं होतं.

त्यांच्या बायकोला, फर्नकाकूंना, तो मान कधीच मिळून गेला. त्या माडीवर जन्मलेल्या. त्या वर्षीही गाडी काकांनीच चालवली.

"कसला मान न् कसलं काय," काकू सांगतात, "अख्खा रस्ताभर मी ह्याच्या टकलाकडे बघत हात हलवला."

आता गंमत अशी की नियम करणाऱ्या शहाण्यांनी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. डॉक्टर पूल यांचा दवाखाना १९४९ सालीच बंद झाला होता, आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल झालं ते मेरिटला. म्हणजे नियम केला त्या दिवशीच गावात आठ वर्षं कोणी जन्मलं नव्हतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण अस्सल म्हातारे मुबलक होते. दर वर्षी एक पुरायचा.

या वर्षी जानेवारीत बर्नीसबाईंच्या वहीत मान न मिळालेली तीनच नावं उरली होती. त्यातलं एक फेब्रुवारीत वारलं. दुसरं लेकीकडे ॲरिझोनाला कायमचं गेलं. तिसऱ्याला मुलांनी वृद्धाश्रमात ठेवलं, आणि वृद्धाश्रम कुठे? मेरिटला. तिथे राहायला गेला म्हणजे गाव सोडलं.

एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरात समितीची बैठक भरली. मी गावच्या साप्ताहिकाचा प्रमुख बातमीदार, कारण दुसरा बातमीदारच नाही, म्हणून मीही एका कोपऱ्यात बसलो होतो. टेबलावर लिंबाच्या वड्या आणि अशी कॉफी की कपाचा तळ दिसावा. ऑरिनकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केस, म्हणजे उरलेले, ओले करून बसवलेले. का, ते सगळ्यांना कळत होतं आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"तर," बर्नीसबाई म्हणाल्या, "गावात गावचं माणूस संपलं."

महापौर कर्ट हागेमन यांनी घसा साफ केला. कर्ट विमा विकतो, त्यामुळे संकट आलं की त्याला हुशारी येते. "बाई, नियमाच्या मागचा भाव बघा. माझा जन्म एकाहत्तरचा, मेरिटच्या हॉस्पिटलातला. पण माझ्या आईची तशी इच्छा होती का? नाही. इथे खाटच नव्हती. नाइलाजाने मेरिटला जन्मलेल्याला इथलाच धरायला हवं."

"नाइलाजाने," बाईंनी शब्द चाखून पाहिला. "हे बरंय."

"एकोणपन्नासनंतर त्या हॉस्पिटलात जन्मलेले सगळे," कर्ट म्हणाला. "अख्खं गाव एका झटक्यात इथलं होईल."

काकांनी पेन खाली ठेवलं. "आणि एकोणपन्नासच्या आधीचे?"

तळघरात कोणीतरी वडी चावली, तेसुद्धा ऐकू आलं.

"अरे ऑरिन," बर्नीसबाई अगदी मायेने म्हणाल्या, तिसरीतल्या नापास पोराशी बोलायच्या तशा, "एकोणपन्नासच्या आधी इथे दोन खाटा होत्या. तेव्हा नाइलाज नव्हता रे. तुझ्या आईने निवड केली."

"निवड? बाई, ती लोणचं घेऊन गेली होती!"

"तेच म्हणते मी. घरी बसली असती तर?"

"शिवाय," कर्ट म्हणाला, "तुम्ही हॉस्पिटलातसुद्धा नाही जन्मलात, ऑरिन. तंबूत. तंबूला आपण सुरुवात केली की मग कुठे थांबायचं?"

सात विरुद्ध शून्य मतांनी ठराव झाला. चिटणिसाला मत नसतं. "तूच लिहून घे," बाई म्हणाल्या, "तुझं अक्षर छान आहे." आणि काकांनी ते छान अक्षरात लिहिलं. त्या ठरावाने कॉर्विन फॉल्समधली दोन हजार एकशे चौदा माणसं अस्सल झाली. उपरा उरला एकच, आणि इतिवृत्तावर सही त्याची.

त्या वर्षीचे मानकरी म्हणून एकमताने कर्ट हागेमन यांची निवड झाली. त्यांना आश्चर्य वाटलं असं त्यांनी मला छापायला सांगितलं.

जुलैत काकांनी कर्टला मिरवलं. हो, त्यांनीच गाडी चालवली. मी विचारलं तर म्हणाले, "गाडीचा क्लच दुसऱ्याला जमत नाही." कर्टने चारही चौकांत दोन्ही हात हलवले.

मी ही सगळी हकीकत साप्ताहिकात छापली. बातमी म्हणून साधी होती, पण आमचं साप्ताहिक मेरिटलाही जातं. तिथले लोक ते आमची चेष्टा करायला घेतात. आठवड्याभरात काकांच्या घरी फोन वाजला. मेरिटच्या जत्रा समितीच्या बाई होत्या. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी जत्रेची मिरवणूक आहे, जत्रेच्या मैदानात जन्मलेला जिवंत असा जगात एकच माणूस आहे, तर आमचे मानकरी व्हाल का?

काका तीन दिवस परसातल्या टोमॅटोंना पाणी घालत राहिले, इतकं की काकूंना नळ बंद करावा लागला.

"जा की," काकू म्हणाल्या. "बोलावतंय कोणीतरी."

"मला त्यांचा मान नको, फर्न. मला आपला हवा."

"आपला मिळायचा नाही. मग मिळतोय तो घे आणि गप बस. आणि हे बघ, टोपी घाल. टकलाकडे बघायची पाळी या वेळी गाडी चालवणाऱ्यावर नको यायला."

"मी मागे बसणार, फर्न. माझं टक्कल त्याला कसं दिसेल?"

"आरशात," काकू म्हणाल्या.

त्यांनी होकार कळवला, आणि गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॅफेत सकाळी सहाच्या कॉफीला दुसरा विषय नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षं ज्यांनी त्यांना मेरिटचा म्हटलं, तेच आता ते मेरिटला चालले म्हणून तळमळत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्नीसबाई काकांच्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो; मिरवणुकीत गाडी मी चालवावी म्हणून काका मला क्लच शिकवत होते. बाईंचे हात रिकामे होते. आमच्याकडे कोणी कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाही. निदान भोपळ्याचा केक तरी असतो. रिकामे हात म्हणजे युद्ध.

"ऑरिन, हे खरं का?"

"खरं आहे, बाई."

"लाज नाही वाटत? आपला माणूस मेरिटच्या मिरवणुकीत? तेसुद्धा आपली गाडी घेऊन?"

काकांनी चिंधीने हात पुसले. फार सावकाश पुसले. "काय म्हणालात?"

"आपली गाडी म्हणाले."

"त्याच्या आधी."

बाईंना आपण काय बोललो ते कळलं, पण तीस वर्षं अध्यक्षपद सांभाळलेली बाई मागे सरते थोडीच. "आपला माणूस म्हणाले. मग? तुला काय मेरिटवाले आपले वाटतात?"

"हे इतिवृत्तात घ्यायचं का, बाई? मी लिहितो. पुढच्या जुलैत मला मागे बसवा, मी आत्ता मेरिटला नाही म्हणून फोन करतो. आत्ता, तुमच्यासमोर."

खरं सांगतो, त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हाताऱ्याने फोन खिशातून काढलासुद्धा होता. बाईंनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी छापेन याची त्यांना खात्री होती.

"नियम आहे, ऑरिन," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज थोडा खाली आला होता. "एकासाठी वाकवला तर तो नियम कसला?"

"कर्टसाठी वाकवलात की."

"तो दोन हजार लोकांसाठी वाकवला. एकासाठी नाही वाकवता येत."

काकांनी फोन खिशात घातला. "मग शनिवारी भेटू," म्हणाले, आणि मला म्हणाले, "पाय हळू सोड रे, गिअर किंचाळतोय."

शनिवारी मेरिटच्या मुख्य रस्त्यावर, कचेरीसमोर, जिच्यावरून आम्ही एकशे सदतीस वर्षं कुढतोय, मी ती लाल गाडी हळूहळू पुढे काढली. मागे काका उंच बसलेले, छातीवर निळा पट्टा, डोक्यावर काकूंनी दिलेली टोपी, मांडीवर मिरवणुकीत उधळायच्या चॉकलेटांची पिशवी. मेरिटचे लोक टाळ्या वाजवत होते, पण पाहुण्यासाठी वाजवतात तशा. काका हात हलवत होते तेही पाहुण्यासारखेच. आरशात मला दिसत होतं की त्यांना मजा येत नाहीये.

मग बँकेच्या कोपऱ्यावर वळलो आणि आवाज बदलला.

रस्त्याच्या डाव्या बाजूला घडीच्या खुर्च्यांच्या तीन रांगा, सगळ्या कॉर्विन फॉल्सच्या. कॅफे बंद ठेवून कॅफेवाली आली होती. अग्निशमन दल आलं होतं. गावाला त्या दुपारी आग लागली असती तर विझवायला कोणी नव्हतं. कर्ट टोपी उलटी घालून उभा होता. पहिल्या रांगेत बर्नीसबाई, मांडीवर भोपळ्याचा केक, आणि सगळं गाव एका सुरात ओरडत होतं, तोंडापाशी हातांचे कर्णे करून.

"ऑरिन! खाली उतर!"

"काका, लाज धरा!"

"घरी चल रे, ऑरिन!" बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तोच. "आत्ताच्या आत्ता घरी चल!"

मेरिटवाले बावरून आमच्या लोकांकडे बघत होते. मला वाटलं, इथून लवकर निघावं, आधीच म्हाताऱ्याचा दिवस फुकट गेलाय. मी पाय दाबला.

मागून माझ्या खांद्यावर थाप पडली. आरशात बघितलं तर काकांनी टोपी काढून हातात घेतली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुसऱ्या हाताने ते पिशवीतली चॉकलेटं मुठीमुठीने डावीकडे, फक्त डावीकडे फेकत होते.

"पळतोस कुठे?" ते म्हणाले. "हळू घे जरा. नीट ऐकू येत नाहीये."